हंड्यावरची तारीख आणि आजीचा आवाज

बालमित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना तांब्या-पितळेचा हंडा पडून आहे का? असेल तर आईला विचारून तो खाली उतरवा. चिंच आणि मीठ लावून चांगला घासा. आता त्याच्या गळ्याजवळ किंवा काठावर नीट बघा. बारीक बारीक ठिपके ठोकून काढलेली अक्षरं दिसतात का? कुणाचं तरी नाव असेल, गावाचं नाव असेल, कदाचित तारीखसुद्धा असेल.

ते नाव कुणाचं, हे घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारा. आणि मग गप्प बसून ऐका. बघा, एका हंड्यातून केवढी मोठी गोष्ट बाहेर पडते ती!

ही युक्ती मला आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलीने शिकवली. हो, मुलीने शिकवली, मी बाई असूनसुद्धा! ती कशी, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आमचं सोनगीर

मी सोनगीरला शिकवते. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेला शिरपूरकडे निघालात, की साधारण वीस किलोमीटरवर आमचं गाव लागतं. गावाच्या डोक्यावर टेकडीवर किल्ला आहे. खानदेशावर आधी फारुकी सुलतानांचं राज्य होतं. १६०१ मध्ये अकबर बादशहाने असीरगड घेतला आणि ते राज्य संपलं. पुढे मराठे आले, १८१८ मध्ये इंग्रज आले. हे सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे. परीक्षेत विचारलं तर मुलं धडाधड सांगतात.

पण सोनगीर आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे. ती म्हणजे तांब्या-पितळेची भांडी! हंडे, गुंडी, घंगाळं, पराती, तांबे... आमच्या गावातले तांबट ती हातांनी ठोकून घडवायचे. खानदेशातल्या कितीतरी घरांत लग्नात मुलीला आंदण म्हणून सोनगीरची भांडी दिली जायची. त्या काळी नळ नव्हते, गॅस नव्हता. पाणी विहिरीवरून आणायचं ते गुंडीत, साठवायचं ते हंड्यात, तापवायचं ते बंबात. नंतर स्टीलची भांडी आली, अ‍ॅल्युमिनियम आलं, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. तांब्याचा हंडा माळ्यावर गेला. ठोक ठोक आवाज कमी कमी होत गेला.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारते. अकबर बादशहा केव्हा आला, हे पुस्तकात आहे. पण तांबट मुलगा कितव्या वर्षी हातोडा धरायला शिकायचा? पहिली मजुरी हातात पडली तेव्हा त्याने काय केलं? हे कुठल्या पुस्तकात आहे?

फार शोधावं लागेल. कारण राजांच्या पदरी लिहिणारे असतात, हातोडा चालवणाऱ्याच्या पदरी कोण असणार? त्याचा इतिहास त्याच्या डोक्यात असतो, बोटांत असतो आणि जिभेवर असतो. तो माणूस गेला की इतिहासही गेला. पुस्तक जळलं तर त्याची दुसरी प्रत कुठेतरी मिळते. आजीची दुसरी प्रत मिळत नाही.

मी केलेली चूक

तुम्ही म्हणाल, बाईंना हे एवढं कसं कळलं? मित्रांनो, स्वतः चूक करून कळलं.

मी तुमच्याएवढी होते तेव्हाची गोष्ट. आमच्या घरी एक टेपरेकॉर्डर होता. माझे मामा नोकरीला बाहेरगावी होते. एकदा आखाजीला ते घरी आले. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात हा दिवाळीइतकाच मोठा सण असतो. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि झोक्यावर बसून गाणी म्हणतात. माझी आजी ही गाणी फार छान म्हणायची. मामांनी तिच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि कॅसेटच्या एका बाजूला तिची गाणी भरून घेतली. आजी आधी लाजली. मग तिचा असा काही आवाज लागला, की शेजारच्या बायाही येऊन बसल्या.

पुढच्या वर्षी मला रेडिओवरची सिनेमाची गाणी टेप करायची होती. कोरी कॅसेट घरात नव्हती. एक कॅसेट नुसतीच पडली होती, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी ती टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि लाल बटण दाबलं.

आजीच्या गाण्यांवर सिनेमाची गाणी बसली. शेवटी एवढासा तुकडा राहिला. त्यात आजी म्हणते, "व्हई गयं का?" म्हणजे, झालं का? बस. तेवढंच.

आजी तेव्हा मला रागावली नाही. "मी शे ना आठे, परत म्हणसू," असं म्हणाली. मी आहे ना इथे, परत म्हणेन. पण परत म्हणून घ्यायचं राहूनच गेलं. आज करू, उद्या करू करता करता वर्षं गेली, आणि आजीही गेली. त्या गाण्यांतल्या काही ओळी माझ्या आईला आठवतात, काही आत्याला. पुरं एकही गाणं कुणाला येत नाही.

त्या कॅसेटवर नाव आणि तारीख लिहिलेली असती, तर मी ते बटण दाबलं नसतं. म्हणून माझ्या वर्गाचा पहिला नियम आहे: आधी नाव आणि तारीख, मग बाकी सगळं.

आमची पहिली फजिती

आता टेपरेकॉर्डर गेले. पण प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि प्रत्येक मोबाइलमध्ये आवाज टिपायची सोय आहे. एके दिवशी मी वर्गात म्हटलं, "चला, आपण गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलू आणि त्यांचं बोलणं जपून ठेवू." मुलं एका पायावर तयार झाली.

पहिल्यांदा गेलो ते एका तांबटबाबांकडे. वय ऐंशीच्या पुढे. मुलं चौदा आणि मोबाइल एक, माझा! बाबा नातवाला काम शिकवत बसले होते. आम्ही मोबाइल ऐरणीशेजारीच ठेवला. चौदा जणांनी एकदमच विचारायला सुरुवात केली. "बाबा, तुमचं बालपण कसं होतं?" बाबा म्हणाले, "चांगलं होतं." "बाबा, तुम्हाला हे काम आवडतं का?" बाबा म्हणाले, "हो." झाली मुलाखत!

शाळेत येऊन मोबाइल लावला, तर काय? ठण! ठण! ठण! हातोड्याशिवाय काही ऐकूच येईना. दहा मिनिटांनंतर तर तेही बंद. मोबाइलमधली जागा भरली होती.

मुलं हिरमुसली. मग आम्ही फळ्यावर दोन रकाने काढले. 'काय चुकलं' आणि 'पुढच्या वेळी काय करायचं'. त्यातून आमचे नियम तयार झाले. ते पुढे देतेच. आठ दिवसांनी फक्त तीन मुलं गेली. दुपारी काम थांबल्यावर गेली. आणि एका मुलीने "बालपण कसं होतं" असं न विचारता एक जुना तांब्या बाबांच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, हा कसा केला असेल?"

बाबांनी तांब्या फिरवून पाहिला. बोटाने टिचकी मारून कानाजवळ नेला आणि हसले. "मना कान हातोडामा गयात," ते म्हणाले. म्हणजे, हातोड्याच्या आवाजाने माझे कान गेले. आयुष्यभर ठोकाठोकी ऐकून त्यांना ऐकू कमी येत होतं. पण मग त्यांनी तांब्या तळहातावर धरला, पुन्हा टिचकी मारली आणि सांगितलं, की आता आवाज कानाला नाही, हाताला कळतो. सांधा पक्का आहे की कच्चा, हे भांड्याच्या थरथरीवरून समजतं.

पुढे पाऊण तास ते बोलत होते. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की तो कडक होत जातो. तसाच ठोकत राहिलं तर चिरतो. म्हणून मधून मधून भट्टीत लाल करून तो पुन्हा मऊ करायचा, मग परत ठोकायचा. शेवटी भांड्यावर अंगभर सारखे ठोके द्यायचे, त्याला मठारणे म्हणतात. आपल्याला ती नक्षी वाटते, पण त्या ठोक्यांनी भांड्याला बळकटी येते. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं आणि कथील मिसळलं की कासं. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतात, म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, ती कल्हई. भांडं तापवून त्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की आतून भांडं चांदीसारखं चमकतं. हे सगळं मुलांनी ऐकलं आणि टिपून घेतलं. विज्ञानाच्या तासाला जे मला अर्धा तास समजावावं लागलं असतं, ते बाबांनी पाच मिनिटांत सांगितलं.

आजी चुकली की पुस्तक चुकलं?

आता त्या हंड्याची गोष्ट. तांब्या घेऊन गेलेली तीच मुलगी. तिच्या घरी माळ्यावर आजीच्या लग्नातला हंडा होता. तिने तो घासला, तर त्यावर आजीच्या वडिलांचं नाव आणि तारीख निघाली: १३-५-७३.

तिने आजीला विचारलं, "आजी, तुझं लग्न कधी झालं?" आजी म्हणाली, "दुष्काळमा." दुष्काळात.

मुलगी मोठी हुशार. तिने माहिती काढली, तर दुष्काळ १९७२ चा! आणि हंड्यावर तर १९७३. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाली, "मॅडम, आजीच्या लक्षात राहिलं नाही. तिची एक वर्षाची चूक झाली."

मी तिला म्हटलं, "तू चूक लगेच दुरुस्त करू नकोस. आजीला आणखी विचार. लग्नाच्या दिवशी काय काय झालं ते सांग म्हणावं."

मग आजीने सांगितलं. लग्नाआधी ती आणि तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. कामावर सुकडी मिळायची. हातोडीने दगड फोडून तिच्या हातांना फोड आले होते. हळदीच्या दिवशी बायांनी हाताला हळद लावली तेव्हा ती इतकी झोंबली, की आजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायांना वाटलं, नवरी माहेर सुटणार म्हणून रडते आहे! वऱ्हाडाला प्यायला पाणी दुसऱ्या गावाहून बैलगाडीवर पिंपातून आणलं होतं. आणि वडिलांनी आंदणात हंडा दिला तेव्हा आजी मनात म्हणाली, हंडा दिला खरा, पण यात भरायचं काय?

आता नीट विचार करा. १९७२ साली पावसाळ्यात पाऊस पडला नाही, म्हणून तो '७२ चा दुष्काळ'. पण पाऊस नाही पडला म्हणजे त्याच दिवशी विहिरी आटत नाहीत. घरातलं धान्य हळूहळू संपतं. खरे हाल झाले ते पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९७३ मध्ये! मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी ती कामं होती. याच काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्याआधी हा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी होता.

म्हणजे आजी बरोबर होती, हंडा बरोबर होता आणि पुस्तकही बरोबर होतं. आपणच घाईने आजीला चूक ठरवत होतो!

त्या मुलीने वहीत काय लिहिलं माहीत आहे? "पुस्तकात दुष्काळ १९७२ चा आहे. माझ्या आजीच्या हातावर तो १९७३ चा आहे." मी त्या वाक्याला लाल शाईने काहीच केलं नाही. नुसती सही केली.

पण उलटही होतं बरं का! एका मुलाच्या आजोबांनी सांगितलं, की आमच्या किल्ल्यापासून थेट लळिंगच्या किल्ल्यापर्यंत भुयार आहे. लळिंग तर धुळ्याच्याही पलीकडे! एवढं लांब भुयार खणणार कोण, त्यात हवा येणार कुठून? मुलांनी हिशेब केला आणि ठरवलं, की हे खरं नसावं. मग ते खोडायचं का? नाही. लिहायचं, पण 'असं सांगतात' म्हणून लिहायचं. लोकांना काय माहीत होतं, एवढाच इतिहास नसतो. लोकांना काय खरं वाटत होतं, तोही इतिहासच असतो. दोन्हींची सरमिसळ मात्र करायची नाही.

ऐकून लिहिणारी माणसं

हे काम आपणच पहिल्यांदा करतो आहोत असं समजू नका. आपल्या खानदेशातच किती मोठी माणसं हे करून गेली!

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे आणि साने गुरुजी एकत्र होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा कैद्यांना गीता समजावून सांगत. असे अठरा रविवार झाले. साने गुरुजी समोर बसून ते भराभर लिहून घेत. तुरुंगात कसला टेपरेकॉर्डर! गुरुजींचा हात हाच टेपरेकॉर्डर. त्यातून 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. गुरुजींनी त्या दिवसांत कंटाळा केला असता, तर विनोबांचे ते शब्द तुरुंगाच्या भिंतींनीच तेवढे ऐकले असते.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तुम्हाला माहीत आहेतच. १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या ओव्या रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातल्या काही कागदावर उतरवून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आज तुम्ही त्या कविता पाठ्यपुस्तकात वाचता. आणि ज्या ओव्या कुणी लिहूनच घेतल्या नाहीत, त्या गेल्या.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करत जुनी कागदपत्रं गोळा करत. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे. आईबाबांबरोबर धुळ्याला गेलात तर जरूर पाहा.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइत्व्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेडोपाडी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. किती? एक लाखाच्या वर! त्यातल्या हजारो ओव्या त्या बायांच्याच आवाजात टिपून ठेवल्या आहेत.

आणि ही गोष्ट तर तुम्हाला नक्की आवडेल. आयर्लंड नावाचा एक छोटा देश आहे. तिथे १९३७ ते १९३९ या काळात सरकारने शाळेतल्या मुलांनाच हे काम दिलं. प्राथमिक शाळेतल्या वरच्या वर्गातली मुलं, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांची! त्यांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचं, आणि शाळेत येऊन वहीत लिहायचं. जुने खेळ, औषधं, भुताच्या गोष्टी, दुष्काळाच्या आठवणी, सगळं. सुमारे ५,००० शाळांतली ५०,००० मुलं होती. सात लाखांहून जास्त पानं जमली. आज तो त्या देशाचा राष्ट्रीय ठेवा आहे. त्यात मुलांचं अक्षर आहे, शाईचे डागसुद्धा आहेत!

'शुद्ध बोल' असं म्हणू नका

आता एक कबुली देते. आमच्याकडे घरात अहिराणी बोलतात. आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे, आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. ही फार जुनी बोली आहे. ग्रियर्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली. तिच्या १९०७ सालच्या एका खंडात खानदेशीचे नमुने छापले आहेत.

पण वर्गात एखादं मूल "मी घर जास" म्हणालं, की मी लगेच म्हणायची, "मी घरी जातो, असं शुद्ध बोल." प्रमाण मराठी शिकवणं हे माझं कामच आहे, ते मी सोडणार नाही. पण झालं काय, की मुलाखतीच्या वेळी एक मुलगा आपल्या आजीला म्हणाला, "आजी, शुद्ध बोल ना, टेप होतंय!" आणि आजी गप्पच झाली. आपली भाषा चुकीची आहे असं वाटलं तिला. पाच मिनिटं ती अडखळत पुस्तकी बोलायचा प्रयत्न करत होती. मोबाइलमध्ये ते सारं टिपलं गेलंय. ते ऐकताना मला माझाच आवाज ऐकू आला.

म्हणून आमचा आणखी एक नियम: समोरचा माणूस जसं बोलेल तसंच टिपायचं, तसंच लिहायचं. अवघड शब्दाचा अर्थ पुढे कंसात द्यायचा. शब्द बदलायचा नाही.

तुम्हीही करून बघा!

आमचे नियम आता तुम्हाला देते. वहीत उतरवून घ्या.

१. एका वेळी दोघं-तिघंच जा. एकाने विचारायचं, एकाने मोबाइल सांभाळायचा, एकाने लिहायचं.

२. आधी परवानगी घ्या. "तुमचं बोलणं टिपलं तर चालेल का?" असं विचारा. "हे नको टिपू" म्हणाले तर लगेच बंद करा. त्यांना न विचारता ते कुणालाही पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरही नाही.

३. मोबाइलमध्ये जागा आहे का, तो चार्ज आहे का, ते बघा. मध्येच फोन येऊ नये म्हणून फ्लाइट मोडवर टाका. पंखा आणि टीव्ही बंद करा. मोबाइल घडी घातलेल्या कापडावर, बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. आधी एक मिनिट टिपून ऐकून बघा.

४. सुरुवातीला स्वतः बोला: आजची तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि वय, विचारणाऱ्याचं नाव.

५. वस्तू घेऊन जा. जुना हंडा, अडकित्ता, लग्नाचा फोटो, जुनं रेशनकार्ड. वस्तू हातात आली की आठवणी आपोआप येतात.

६. 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येईल असे प्रश्न टाळा. "शाळा आवडायची का?" याऐवजी "शाळेत पहिल्या दिवशी काय झालं?" असं विचारा.

७. ते थांबले तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नका. मनात दहा आकडे मोजा. खूपदा खरी गोष्ट त्या दहा आकड्यांनंतरच येते.

८. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर मोबाइल बाजूला ठेवा आणि त्यांना पाणी द्या. माणूस आधी, टेप नंतर.

९. घरी आल्यावर त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी साठवा: मोबाइलमध्ये, पेनड्राइव्हवर आणि कुणाच्या तरी संगणकावर. मग ऐकून ऐकून वहीत उतरवा. अर्ध्या तासाचं बोलणं लिहायला तीन-चार तास लागतात, घाबरू नका.

१०. लिहिलेलं त्यांना परत जाऊन वाचून दाखवा. ते त्यांचं आहे. आपण फक्त सांभाळणारे.

काय विचारायचं, असा प्रश्न पडला असेल ना? हे घ्या: तुमच्या लहानपणी गावात वीज आली तेव्हा काय झालं? १९७२-७३ च्या दुष्काळात घरात काय शिजत होतं? तुमचं लग्न कुठे आणि कसं झालं, वरात कशातून आली? आता कुणीच खेळत नाही असा एखादा खेळ सांगाल? तुमच्या हाताला येणारं असं कोणतं काम आहे, जे आता कुणाला येत नाही?

पालकांसाठी दोन शब्द

आईबाबांनो, हा एक तास तुम्हीही काढा. मुलांना मोबाइल देऊ नका असं आम्ही शिक्षक नेहमी सांगतो. या कामासाठी मात्र जरूर द्या! आणि मुलं विचारत असतील तेव्हा "तिला काय आठवतंय आता" असं म्हणू नका. आजीला काल काय खाल्लं ते आठवणार नाही कदाचित, पण साठ वर्षांपूर्वीची आखाजी आठवेल. आमच्या तांबटबाबांचा नातू घरातच वाढला. पण आजोबा किती लहानपणी ऐरणीवर बसले, हे त्याला आमच्या मोबाइलवरूनच कळलं. कारण आजवर त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

सध्या आमच्या शाळेच्या कपाटात एक जाड वही आहे आणि एक पेनड्राइव्ह आहे. त्यावर मुलांनी कागद चिकटवून सुवाच्य अक्षरात नाव, गाव आणि तारीख लिहिली आहे. आतापर्यंत नऊ जणांचं बोलणं झालं आहे. हंडा असलेल्या त्या आजीने परवा निरोप पाठवला, की आखाजीची गाणी आठवताहेत, या. मी स्वतः जाणार आहे. माझ्या आजीच्या गाण्यातल्या एखाद्या ओळीची पुढची ओळ तिला येते का, ते बघायचं आहे.

तुम्ही कुणाकडे जाणार? नाव ठरवा. आणि हे काम सुट्टी लागेपर्यंत ठेवू नका, येत्या रविवारीच जा.